शार्कच्या खाडीतला सोबती

मला जायचं नव्हतं आणि मी येतो म्हणालो. चूक एवढीच. पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

म्हणालो तेही कुठे, तर वाल्डॉर्फजवळच्या आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये, बटाट्याचं सॅलड खाता खाता. समोर माझा मित्र बसला होता. मित्र म्हणजे शेजारच्या टेबलावर काम करणारा सहकारी. वय चोपन्न, जन्म पार उत्तरेकडच्या समुद्रकिनाऱ्यावरचा, आणि माझ्या नऊ वर्षांच्या जर्मनीतल्या मुक्कामात ज्याच्या दाराची घंटा न कळवता वाजवावी असं मला वाटलं असा एकमेव माणूस. वाजवली एकदाच. दार उघडलं तेव्हा नवरा-बायको दोघांनीही आधी विचारलं, काय झालं, कुणाला लागलंय का?

या माणसाला सर्फिंगचं वेड. तरुणपणापासून दर दोन वर्षांनी तो दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाडीवर जायचा. त्या खाडीत लाटा उत्तम असतात आणि ग्रेट व्हाइट शार्कही असतात. हे तो इतक्या सहज सांगायचा की जणू आपण म्हणावं, बाग छान आहे, फक्त संध्याकाळी डास असतात. मग त्याचा उजवा खांदा निखळू लागला. शस्त्रक्रिया झाली, तरी खांदा अधूनमधून जागा सोडायचाच. भर समुद्रात सोडली तर एका हाताने बोर्ड वल्हवत किनारा गाठता येत नाही. म्हणून त्याच्या बायकोने नियम घातला: पाण्यात हाकेच्या नव्हे, हाताच्या अंतरावर कुणीतरी असेल तरच जायचं. त्याचे जुने सर्फवाले दोस्त दोन. एकाने गुडघे बदलून घेतले, दुसऱ्याने बायको बदलली आणि तो डोंगरात राहायला गेला. तीन वर्षं बोर्ड तळघरात पडून होता. ‘आता काही मी तिथे जात नाही,’ असं तो काट्याने बटाटा कुस्करत म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा काही उतरला की माझ्या तोंडून निघून गेलं, ‘अरे, मी येईन की! जाऊ आपण एकदा.’

हे वाक्य ज्यांच्या कानांसाठी घडलंय त्यांना त्याचा अर्थ बरोबर कळतो. पुण्याला आमच्या समोरच्या बिऱ्हाडातले काका माझ्या वडिलांना चौदा वर्षं म्हणत होते की एकदा दोन्ही कुटुंबं मिळून गोव्याला जाऊ. वडील म्हणायचे, जाऊ की, नक्की. दोघांचे संबंध त्या न झालेल्या सहलीवर छान टिकले. एकाने खरोखर बॅग भरली असती तर दुसऱ्याने त्याला दवाखान्यात नेलं असतं.

माझ्या मित्राने काटा खाली ठेवला, माझ्याकडे दोन क्षण नीट पाहिलं आणि म्हणाला, ‘एश्ट?’ म्हणजे, खरंच ना? मी मान हलवली. आता मान हलवणं म्हणजे काय, हेही आपल्याकडे ठरलेलं नसतं. त्याच्याकडे ठरलेलं होतं. मी जागेवर जाऊन बसेपर्यंत माझ्या कॅलेंडरमध्ये टर्मिन, म्हणजे नेमून दिलेली तारीख-वेळ, येऊन पडला होता. फेब्रुवारीतले सोळा दिवस. खाली एक ओळ होती: बायकोला फोन केला, ती खूश आहे, तुझे आभार मानलेत.

तिथेच ‘नाही’ म्हणायला हवं होतं. पण समोरच्याच्या तोंडावर नाही म्हणायचं शिक्षण मला कुठल्या शाळेने दिलेलं नाही. मला येतं ते मागे सरकणं. तेही सभ्यपणे, एकेक पाऊल, समोरच्याने समजून घेत घेत. अडचण ही की समोरचा समजून घेत नव्हता. तो अडचणी सोडवत होता.

पहिल्यांदा मी म्हणालो, घरी विचारून सांगतो. हा आपला सगळ्यात सौम्य नकार. त्याने दोन दिवस वाट पाहिली आणि मग स्वतःच माझ्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, न्या की, खुशाल न्या. संध्याकाळी मी तिला जाब विचारला तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, ‘मला काय माहीत तू मला पुढे करतोयस ते? आधी सांगायचंस, मी रडले असते.’

मग मी म्हणालो, फेब्रुवारीत रजा मिळणं जरा अवघड दिसतंय. त्याने आमच्या साहेबांशी बोलून माझी रजा मंजूर करून आणली आणि माझ्या वाट्याचं काम कोण करेल त्याचा तक्ताही बनवला. मग मी पाठदुखी काढली. दुसऱ्या दिवशी तो आपल्या फिजिओथेरपीवालीने दिलेले व्यायाम छापून घेऊन आला, आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर जमिनीवर आडवा पडून ते करून दाखवू लागला. आमचं ऑफिस काचेचं आहे.

शेवटी एकदा त्यानेच सरळ विचारलं, ‘तुला शार्कची भीती वाटते का?’

‘छे छे,’ मी म्हणालो. ‘शार्कचं काय?’

शार्कचं काय! आजवर त्या कुळाशी माझा संबंध मोरीच्या, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या छोट्या शार्कच्या, कालवणापुरता, आणि त्यातही खाणारा कायम मी. पण नऊ वर्षांत मिळालेल्या एकुलत्या एका मित्रासमोर भित्रा ठरायची लाज त्या शार्कपेक्षा मोठी होती. आणि दुसरं असं की तो तोवर तळघरातून बोर्ड वर आणून दिवाणखान्यात ठेवून बसला होता. रोज त्याला मेण लावायचा. मी नाही म्हटलं असतं तर तो बोर्ड परत खाली गेला असता, आणि बहुधा कायमचा. हे मला दिसत होतं. हे दिसत असूनही मी रोज नवीन निमित्त शोधत होतो, याचाच जास्त वैताग यायचा.

पुढचा प्रश्न त्याच्या बायकोने विचारला, आणि तो फारच मुद्द्याचा होता: या माणसाला पोहता तरी येतं का? मी म्हणालो, अर्थात. हे खोटं नव्हतं. मला पोहता येतं. मामांच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला वाळका भोपळा बांधून, अकराव्या वर्षी मी शिकलो. त्यांना मात्र कागद हवा होता. जर्मनीत पोहता येण्याचं पदक असतं. मुलं ते चौथीच्या आत मिळवतात आणि पोहण्याच्या चड्डीवर शिवून मिरवतात. माझ्या दहा वर्षांच्या मुलीकडे रौप्य आहे. मी किमान कांस्य मिळवावं, असं ठरलं. कुणी ठरवलं ते आठवत नाही. मी बैठकीत होतो हे नक्की.

मोठ्यांच्या पोहण्याच्या वर्गाला प्रतीक्षायादी होती, उन्हाळ्यापर्यंतची. मला इतका आनंद झाला की तो लपवण्यासाठी मी खेदाने जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. मित्र म्हणाला, काळजी नको, मी शिकवतो. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेसहा. नोव्हेंबरमध्ये जर्मनीत सकाळचे साडेसहा म्हणजे काय, हे मी इथे लिहीत बसत नाही. बस थांब्यावर मी एकटा, खांद्यावर टॉवेलची पिशवी, आणि डोक्यात एकच विचार, की समोरच्या काकांना वडिलांनी चौदा वर्षं कसं छान झुलवलं होतं.

तलावात उतरल्यावर एक शास्त्रीय शोध लागला. विहिरीत पोहणाऱ्याला खोलीची भीती नसते, पण लांबी म्हणजे काय ते त्याला ठाऊकच नसतं. मामांची विहीर जेमतेम वीस फूट रुंद. पाच-सहा हात मारले की दगडी भिंत यायची, तिला धरून दम घ्यायचा, पुन्हा समोरच्या भिंतीकडे. माझ्या अंगात तेच भिनलेलं. पंचवीस मीटरच्या त्या तलावात सहाव्या हाताला माझं शरीर आपोआप भिंत शोधायचं, ती सापडली नाही की गोल वळायचं, आणि वळलं की शेजारच्या रांगेत घुसायचं. त्या रांगेत फुलांच्या टोप्या घातलेल्या सत्तरीच्या दोन आज्या रोज गप्पा मारत, मान ताठ ठेवून, केस कोरडे ठेवून पोहायच्या. तिसऱ्या वेळी मी त्यांच्यामध्ये उगवलो तेव्हा एक म्हणाली की तरुण माणसा, तुम्हाला कुठे जायचंय? मलाही तेच कळत नव्हतं.

तलावावर नजर ठेवणारा बाडेमाइस्टर काठावर उभा राहून माझ्या मित्राला सूचना द्यायचा. मला नाही, मित्राला. जणू मी त्याचं कुत्रं होतो आणि मला वळण लावायची जबाबदारी त्याची. शाळेला सुट्टी असलेल्या एका शुक्रवारी मुलगी बघायला आली. घरी मराठी सगळं कळतं तिला, पण उत्तर जर्मनमध्येच. आईने विचारलं, कसा पोहतो बाबा? ती म्हणाली की खोकला झालेल्या बेडकासारखा.

ते पदक मला दुसऱ्या परीक्षेत मिळालं. पहिल्या परीक्षेत तळाशी टाकलेली रबराची कडी मी एका दमात वर आणली, कारण खोलीत मी वाघ. पण पंधरा मिनिटं सलग पोहायचं होतं त्यात चौथ्या मिनिटाला भिंत धरली. दुसऱ्या वेळी मित्र काठाकाठाने माझ्याबरोबर चालत राहिला आणि मी बाजूला बघितलं की हाताने पुढची दिशा दाखवत राहिला. बाहेर आल्यावर त्याने मला मिठी मारली. मी ओलाचिंब, तो कपड्यांसकट. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की तलावाचं क्लोरिन, मला कळलं नाही. मला इतकंच कळलं की आता शेवटची पळवाटही बंद झाली.

खाडी सुंदर होती. हे नाइलाजाने कबूल करतो. आम्ही पोहोचलो त्याच सकाळी तिथल्या डोंगरावर बसलेल्या माणसाबद्दल कळलं. तो दिवसभर दुर्बिणीतून पाण्यात शार्क दिसतो का ते बघतो आणि तसा बावटा लावतो. हिरवा बावटा म्हणजे पाणी स्वच्छ आहे आणि शार्क दिसलेला नाही. लाल म्हणजे थोड्या वेळापूर्वी दिसला होता. पांढऱ्यावर काळा शार्क काढलेला बावटा आणि सोबत भोंगा, म्हणजे आत्ता आहे, बाहेर या. आणि काळा बावटा म्हणजे पाणी गढूळ आहे, त्यामुळे शार्क आहे की नाही ते सांगता येत नाही.

आमच्या वाट्याला दहा दिवस काळा बावटा आला.

‘काळ्यात उतरायला मनाई नाही,’ मित्र म्हणायचा आणि उतरायचा. मग हाताच्या अंतरावर मीही. जाड रबरी पोशाखात कोंबलेला, घोट्याला दोराने बोर्ड बांधलेला, नवशिक्यांना देतात तो पलंगाएवढा फोमचा बोर्ड. पहिल्या दिवशी पोशाख उलटा घातला होता. चेन पुढे घेऊन मी भर किनाऱ्यावर अर्धा तास वावरलो आणि सगळे ओळखीचे असल्यासारखे हसतायत म्हणून मीही हसत होतो. मित्राने मला शार्कबद्दलचे नियम पाठ करवले होते. पहाटे आणि संध्याकाळी उतरायचं नाही, सील असतील तिथे जायचं नाही, पाऊस पडून गेल्यावर नदीच्या मुखापाशी थांबायचं नाही. ‘शार्क आपल्याला शोधत नसतो,’ हे तो रोज सांगायचा. मी म्हणायचो, न शोधता सापडतं तेच तर सगळं माझ्या आयुष्यात आलंय.

चिडचिड मात्र शार्कची नव्हती. लाटांची होती. दहा दिवसांत मी उभा राहिलो ते एकूण तीनदा, आणि तिन्ही वेळा मित्र दुसरीकडे बघत होता. बोर्डवर पालथं पडून लाटेची वाट पाहायची, लाट आली की हात मारायचे, आणि मग लाट तुमच्याखालून निघून जाते, तुम्ही तिथेच. पुढची येते, ती तुम्हाला डोक्यावर उभं करते. नाकातोंडात खारं पाणी, डोळे चुरचुरतायत, बोर्ड घोट्याला हिसके देतोय. आणि पंधरा फुटांवर तो चोपन्न वर्षांचा माणूस एका दुखऱ्या खांद्यासह असा अलगद उभा राहायचा, जसं कुणी खुर्चीवरून उठावं. मग किनाऱ्याकडे सरकत जायचा, आणि परत येऊन मला विचारायचा, ‘मजा येतेय ना?’ मी म्हणायचो, फार.

अकराव्या दिवशी पाणी निवळलं. हिरवा बावटा लागला. मी सकाळपासून खुशीत होतो, इतका की आपणहून मित्राच्या आधी पाण्यात शिरलो. दहाच्या सुमारास आम्ही लाटांच्या मागे, शांत पाण्यात, बोर्डवर पाय सोडून बसलो होतो. तो काहीतरी सांगत होता, आपल्या वडिलांबद्दल. आणि भोंगा वाजला.

नियम मला तोंडपाठ होता. घाई करायची नाही. जोडीदाराकडे बघायचं. दोघांनी मिळून बाहेर यायचं.

मी वळलो आणि वल्हवत सुटलो. त्या वेगाने तलावात पोहलो असतो तर बाडेमाइस्टरने आपली शिट्टी माझ्या गळ्यात घातली असती. एक लाट मागून आली, तिने मला उचललं, आणि दहा दिवस जी माझ्याखालून निसटत होती तिने या वेळी मला थेट वाळूपर्यंत आणून सोडलं. मी उठून उभा राहिलो. किनाऱ्यावर पाण्यातून आलेला मी पहिला माणूस होतो. मी बाजूला वळून म्हणालो, ‘वाचलो रे.’ बाजूला कुणी नव्हतं.

तो अजून तिथेच होता. बोर्डवर पालथा, उजवा हात अंगाशी विचित्र वाकलेला, डावा पाण्यात. एका हाताने वल्हवलं की बोर्ड गोल फिरतो. तो तसाच गोल फिरत होता. बाकी सगळे बाहेर येत होते. त्यांतली एक साठीची बाई, गावातलीच, थांबली. तिने मागे पाहिलं आणि ती शांतपणे बोर्ड वळवून त्याच्याकडे गेली. त्याच्या घोट्याचा दोर सोडून तिने आपल्या बोर्डला बांधला, आणि त्याला ओढत आणू लागली.

मी काय केलं? मी पुन्हा पाण्यात शिरलो. गुडघ्यापर्यंत. पुढे पाय जाईनात. तिथे उभा राहून मी हाताने ‘या, या’ अशी खूण करत होतो, जसं आपण गाडी मागे घेणाऱ्याला करतो.

दोघं बाहेर आले. तो वेदनेने पांढराफटक पडला होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता की मी असा कधी पाहिला नव्हता. ‘पाहिलास?’ त्याने मला विचारलं. त्याने पाहिला होता. आम्ही तिथे भाड्याने घेतलेल्या कोम्बी व्हॅनएवढी लांब सावली त्याच्या बोर्डपासून थोड्या अंतरावरून गेली. न थांबता, न वळता. वळून बघताना खांदा निसटला होता, भीतीने नव्हे.

डॉक्टरने खांदा जागेवर बसवला. परत येताना गाडी मी चालवत होतो आणि माफी मागायला शब्द जुळवत होतो, तर तोच म्हणाला, ‘आल्झो, म्हणजे तू घाबरलास तर.’

‘हो.’

‘आजच?’

‘नाही. कँटीनपासून.’

तो रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं, रागावलेल्या माणसाला समजावता येतं. ‘मग तेव्हाच नाही म्हणायचंस,’ तो म्हणाला. ‘मी दुसरं कुणीतरी शोधलं असतं. तुझा नकार मला चालला असता. तुझा होकार मला पाण्यात एकटं सोडून गेला.’

मुक्कामाच्या जागी पोहोचता पोहोचता मी फक्त इतकं सुचवलं की घरी सगळंच सांगायला हवं असं नाही. खांदा निखळला, बसवला, बस. तो म्हणाला की आपण होऊन सांगणार नाही, पण बायकोने विचारलं तर खरं सांगेन. मी म्हणालो, तिने पुन्हा जाऊ दिलं नाही तर? तो म्हणाला, तर नाही जाणार.

वाल्डॉर्फला परतल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी आम्हा तिघांना कॉफी आणि केकला बोलावलं. टेबलावर प्लमचा केक होता, मित्राचा हात झोळीत होता, आणि बोर्ड दिवाणखान्यात दिसत नव्हता. मी माझ्या बायकोला आधीच सगळं सांगितलं होतं. ती माझ्याकडे न बघता साखर ढवळत होती, आणि ती कॉफीत साखर घेत नाही.

मित्राने फोटो दाखवले. डोंगर दाखवला, बावटे दाखवले. सावलीबद्दल सांगताना त्याचा आवाज पुन्हा तसाच झाला. त्याची बायको ऐकत होती. तो थांबल्यावर तिने माझ्या ताटलीत केकचा तुकडा वाढला, त्यावर फेटलेली साय घातली, आणि मग माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात विचारलं, ‘शार्क गेला तेव्हा तू त्याच्यापासून किती लांब होतास?’

मी मित्राकडे पाहिलं. तो केक खात होता.

‘मी किनाऱ्यावर होतो,’ मी म्हणालो.

तिने सायीचा चमचा भांड्यात परत ठेवला.

‘म्हणजे माझ्या नवऱ्याच्या सोबतीला शार्क होता,’ ती म्हणाली. ‘तू नव्हतास.’